मिनामाता : ४०० क्रमांकाचे मांजर

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता येथे १९५०च्या दशकात मांजरे झटके येऊन गरगरू लागली. काही समुद्रात पडून मेली. लोक या व्याधीला 'मांजरांचा नाच' म्हणत. पुढे तोच कंप कोळ्यांच्या घरांतील माणसांत दिसू लागला. १ मे १९५६ रोजी चिस्सो या रसायन कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी सरकारी आरोग्य केंद्राला याची खबर दिली.

१९३२पासून हा कारखाना ॲसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरी. त्यातून उपजणारा मिथिल पारा सांडपाण्याबरोबर समुद्रात जाई. तेथून शिंपल्यांत, माशांत आणि मासे खाणाऱ्या साऱ्यांत. वार गर्भाला विषापासून राखते, हा वैद्यकाचा समजही येथेच मोडला. माता वरवर धडधाकट, मूल मात्र जन्मतः पंगू.

होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी मांजरांच्या अन्नात मिसळून पाहिले. ऑक्टोबर १९५९मध्ये ४०० क्रमांकाच्या मांजरात नेमकी तीच लक्षणे उमटली. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. डिसेंबरात पीडितांशी करार झाला : तुटपुंजी 'सांत्वन-रक्कम' घ्यावी, आणि उद्या कारखानाच दोषी ठरला तरी अधिक काही मागू नये! जिला कारण ठाऊक होते, तिनेच ही अट घातली, हे विसरता येत नाही.

ती प्रक्रिया थांबली १९६८मध्ये. सरकारने कारण मान्य केले तेही त्याच वर्षी. १९७०मध्ये मरणासन्न होसोकावांनी रुग्णशय्येवरून साक्ष दिली. १९७३मध्ये कुमामोतो न्यायालयाने कंपनीला दोषी धरले आणि तो करार रद्दबातल ठरवला.