आपल्या बोलीची नभोवाणी

१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर ही आपल्याच प्रांताची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशातच राहिले. तेव्हापासून कारभार हिंदीत, घरचे बोलणे मराठीत आणि नभोवाणीवरची मराठी सीमेपलीकडची, अशी आपली स्थिती झाली.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा मिळाली. २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातील दुष्काळी म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. त्याच वर्षी आपल्या राज्यात ओरछा येथे ‘रेडिओ बुंदेलखंड’ बोलू लागला.

परवाना व्यक्तीला मिळत नाही. किमान तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था लागते. निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत. साधारण १०० वॉटचे प्रक्षेपण दहा-पंधरा किलोमीटर पोहोचते. म्हणजे पांढुर्ण्याचा आवाज सौसरला ऐकू येणार नाही. दोन्हीकडे स्वतंत्र केंद्रे हवीत, आणि दोन्हीकडे विनावेतन राबणारी माणसे.

आमची हयात सरकारी कागदांत गेली. अर्जांचे भय आम्हांस नाही. चिंता आहे ती बोलणाऱ्यांची. जात्यावरच्या ओव्या, संत्राबागांची जुनी माहिती, अस्सल बोली जाणणारी वडीलधारी मंडळी दरवर्षी कमी होत आहेत. परवान्याची वाट न पाहता त्यांचे बोलणे आजच ध्वनिमुद्रित करावे. केंद्र मागाहून उभारता येईल.