काहूरा गावची बाळंतीण

दोन-अडीच महिने इथे काही लिहिलं नाही. घरात बाळंतपण होतं. माझ्या मुलाच्या मुलीला मुलगी झाली, म्हणजे मी आता पणजी झाले. सिझेरियन झालं, चौथ्या दिवशी मायलेकी घरी आल्या, सगळं ठीक चाललं होतं. नवव्या दिवशी रात्री नातीला ताप भरला. सकाळी बघितलं तर टाक्यांच्या एका कडेला लाल झालेलं, हात लावला तर गरम, आणि दुपारपर्यंत तिथून पाणी यायला लागलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन-तीन टाके उघडून पू काढला, त्याचा नमुना तपासायला पाठवला, अँटिबायोटिक सुरू केलं, आणि रोज ड्रेसिंग करायला घरी एक सिस्टर येईल असं सांगून परत पाठवलं.

सिस्टर यायची तेव्हा बाळाला मी घेऊन बसायची. पहिल्या दिवशी आतून नातीचं कण्हणं ऐकू येत होतं आणि माझ्या मांडीवर पणती भुकेने रडत होती. ड्रेसिंग झाल्यावर नात मला म्हणाली, "आजी, माझंच काहीतरी चुकलं का गं? मी लवकर अंघोळ केली म्हणून झालं का?"

मी "नाही गं बाई" म्हटलं. पण त्या रात्री झोप लागली नाही. कारण हाच प्रश्न मी १९७५ साली विचारला होता, आणि मला उत्तर मिळालं होतं, "हो, तुझंच चुकलं. आंबट खाल्लंस."

तर ही त्या दोन जखमांची गोष्ट. आणि एका तिसऱ्या जखमेची, जी मी कधी पाहिली नाही.

जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट मागे कुठपर्यंत जाते ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आधी एक कबुली देते. ज्युलियस सीझर पोट कापून जन्माला आला म्हणून सिझेरियन हे नाव पडलं, असं मी कित्येक वर्षं मुलांना छातीठोकपणे सांगितलं आहे. ते चूक आहे. सीझरची आई ऑरेलिया पुढे पुष्कळ वर्षं जगली, आणि त्या काळात पोट कापलेली बाई जगणं शक्य नव्हतं. रोमन कायद्यात होतं ते एवढंच, की गरोदर बाई मेली तर पुरण्याआधी मूल पोटातून काढावं. म्हणजे ते ऑपरेशन मेलेल्या बाईवरचं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर दुरुस्ती करून घ्यावी.

जिवंत बाईवर ऑपरेशन करायला लागले तेव्हाही ती वाचायची नाही. पॅरिससारख्या शहरात १७८७ ते १८७६ या जवळजवळ नव्वद वर्षांत सिझेरियन झालेली एकही बाई जगली नाही, असं नोंदलेलं आहे. एक तर रक्तस्राव, नाहीतर मग जखमेतला पू. आतल्या गर्भाशयाला टाकाच घालत नसत, ते आपोआप मिटतं अशी समजूत. १८७६ साली इटलीत पाव्हिया गावी एदुआर्दो पोरो या डॉक्टराने जुलिया कावाल्लिनी नावाच्या बाईचं सिझेरियन केलं आणि लगेच गर्भाशयच काढून टाकलं. बाई आणि तिची मुलगी दोघी वाचल्या. पुन्हा मूल होणार नाही, पण जीव राहील, असा तो सौदा. १८८२ साली जर्मनीत लाइपझिगच्या माक्स झेंगरने गर्भाशयाला नीट टाके घालायची पद्धत मांडली, तेव्हा कुठे हा सौदा संपला.

हे सगळं पुस्तकात सापडतं. ऑपरेशन कोणी केलं, कधी केलं, टाका कुठला घातला. पुढचे महिना-दीड महिना त्या बाईने जखम आणि मूल दोन्ही कशी सांभाळली, ते मात्र कोणी लिहीत नाही. मी शोधत होते ते हेच. आणि एका ठिकाणी सापडलं.

रॉबर्ट फेल्किन नावाचा एडिंबरा विद्यापीठाचा वैद्यकीय विद्यार्थी मिशनच्या लोकांबरोबर मध्य आफ्रिकेत गेला होता. आजच्या युगांडात काहूरा नावाच्या गावी १८७९ साली त्याने एक सिझेरियन डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर १८८४ साली एडिंबराच्या वैद्यकीय मासिकात ते छापलं, चित्रासकट. नातीने ते मला इंटरनेटवरून काढून दिलं. माझं इंग्रजी बेताचं, शब्दकोश घेऊन तीन दुपारी बसले.

बाई विशीतली, पहिलटकरीण. उतरत्या बाजेवर तिला निजवलेलं, केळ्याची दारू पाजून अर्धवट गुंगीत. काही मंत्र पुटपुटून झाल्यावर त्याच दारूने करणाऱ्या माणसाने आपले हात धुतले आणि तिचं पोटही धुतलं. मग त्याने मोठ्याने आरोळी दिली, झोपडीबाहेरच्या लोकांनी ती उचलली. उभा छेद. रक्त थांबवायला तापवलेल्या लोखंडाचे चटके. आत जमलेलं पाणी-रक्त निथळावं म्हणून बाईला कुशीवर वळवलं. मग लोखंडाचे सात बारीक, घासून गुळगुळीत केलेले खिळे घालून आणि त्यांना दोरा गुंडाळून पोटाची कातडी मिटवली. गर्भाशयाला मात्र इथेही टाका नाही. वर मुळ्या चावून केलेला जाड लगदा, त्यावर शेकलेलं केळीचं पान, आणि सालीच्या कापडाचा घट्ट पट्टा.

इथपर्यंतचं पुष्कळांनी सांगितलं आहे. त्यापुढचं मी दोनदा वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिली मलमपट्टी झाली आणि एक खिळा काढला. पाचव्या दिवशी तीन काढले, उरलेले सहाव्या दिवशी. दर वेळी जमलेला फेस पुसून ताजा लगदा लावला, आणि पट्टा पुन्हा बांधला. अकराव्या दिवशी जखम पूर्ण मिटली होती. बाळाच्या खांद्यालाही सुरी लागली होती, ती जखम त्याच लगद्याने चार दिवसांत बरी झाली. बाळाला दोन तासांनी आईजवळ घेतलं, पण दहा दिवस आईला दूध फारच कमी होतं, आणि तिच्या एका मैत्रिणीनेच बहुतेक वेळा बाळाला पाजलं.

इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगायला हवं, की ही एकाच माणसाची साक्ष आहे, आणि तीही पाच वर्षांनी छापलेली. पण मैत्रिणीचं दूध ही गोष्ट कोणी मुद्दाम रचून लिहील असं मला वाटत नाही. त्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले.

आता माझं सांगते. १९७५चा श्रावण. मला आई नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच, जिल्ह्याच्या गावी. दीड दिवस कळा देऊन मूल येईना, पाणी जाऊन तर कितीतरी वेळ झालेला, तेव्हा शेवटी सिझेरियन केलं. बेंबीपासून खाली उभा छेद. सातव्या दिवशी टाके काढले आणि त्यांच्या मागोमाग पू आला. अर्धी जखम उसवली. कोणाच्या हातून काय राहून गेलं ते आता विचारण्यात अर्थ नाही, आणि तेव्हा विचारायची पद्धतही नव्हती.

अशी जखम लगेच पुन्हा शिवत नाहीत, उघडी ठेवतात. वरून कातडी आधी मिटली तर आत पू कोंडतो, म्हणून ती तळापासून वर भरत आली पाहिजे. त्यासाठी आत औषधात भिजवलेल्या गॉजची वात घालायची, दुसऱ्या दिवशी ओढून काढायची, धुवायची, नवी घालायची. काढताना जीव जायचा. औषधाचं नाव युसॉल. त्याचा वास मला ओळखीचा वाटायचा पण आठवायचं नाही कुठला. मग एकदा लक्षात आलं, आमच्या गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टाकायची त्या ब्लीचिंग पावडरीचा!

आणि ते खरंच होतं. युसॉल म्हणजे एडिंबरा विद्यापीठात (पुन्हा एडिंबरा!) पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, सैनिकांच्या सडलेल्या जखमांसाठी केलेलं द्रावण. त्यात ब्लीचिंग पावडर आणि बोरिक ॲसिड. त्याच्याही आधी १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने, पुढे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने, हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने मरणाऱ्या बायांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. त्याचं कोणी ऐकलं नाही ते वेगळं. पुढे १९८०च्या सुमारास युसॉलवरही टीका झाली, की ते पू मारतं तसं नवं भरत आलेलं मांसही मारतं. नातीची जखम नुसत्या सलाईनने धुतात. तिला वात काढताना दुखत होतं, पण माझ्याइतकं नसावं. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

युसॉलबरोबर पेनिसिलिनची इंजेक्शनं. आपल्याकडे पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, दुसऱ्या वर्षी तिथे पेनिसिलिन होऊ लागलं. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात पिंपरी म्हणजे पेनिसिलिन एवढंच पाठ केलेलं. त्याच पेनिसिलिनवर आपण जगणार आहोत हे परीक्षेच्या वेळी कुठे ठाऊक होतं.

पण मला खरं दुखलं ते जखमेचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "अंगात पू आहे, दूधही नासलं असेल, मुलाला पाजू नकोस." दवाखान्यात कोणी त्यांना खोडून काढलं नाही. (आता डॉक्टर स्वच्छ सांगतात, जखमेतल्या पुवाने दूध नासत नाही, आणि अशा वेळी देतात त्यातली बहुतेक औषधं पाजताना चालतात. नात एका कुशीवर निजून पाजते, नाहीतर बाळाचे पाय मागे काखेत घेऊन, म्हणजे पोटावर लाथ बसत नाही.) आठव्या दिवशी माझा मुलगा घरी नेला. माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, त्यांची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती. त्यांनी त्याला पाजायला घेतलं. मी दवाखान्यात छाती दगडासारखी होऊन पडलेली, आयाबाई दूध पिळून मोरीत टाकायची. त्या मोरीकडे मी बघायची नाही.

एकोणीस दिवसांनी मी घरी आले. शेक नाही, शेगडी नाही, अंगाला तेल नाही, कारण जखम अजून ओली. पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा मात्र बांधला. मुलाला जवळ घेतलं तर त्याने तोंड फिरवलं आणि अक्कांच्या हाताकडे गेला. पुढे दूध परत आलं थोडंफार, पण तो पहिला दिवस मी विसरले नाही. अक्कांशी मी वाईट कधी वागले नाही, पण "माझ्या मुलाला तुम्ही पाजलंत" हे वाक्य पन्नास वर्षांत माझ्या तोंडून आलं नाही. लग्नकार्यात माझा मुलगा त्यांच्या पाया पडायला वाकला की माझ्या पोटात काहीतरी हलायचं. जखमेचा व्रणच खाजतो म्हणून मी स्वतःची समजूत घालायची.

नातीला मी दुसऱ्या दिवशी सकाळी नीट सांगितलं, की अंघोळीने काही होत नाही, आंबटाने तर नाहीच. पाणी जाऊन फार वेळ झाला, ऑपरेशन तातडीचं असलं, रक्तात साखर असली, की जंतू शिरायला वाव मिळतो. आणि काही वेळा सगळं नीट करूनही होतं. पूर्वी अँटिबायोटिक बाळाची नाळ बांधल्यावर देत, औषध बाळाच्या अंगात जाऊ नये म्हणून. आता छेद घेण्याआधीच देतात, त्याने ही दुखणी कमी झाली. कमी झाली, संपली नाहीत. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, तुझ्या वेळी बाबांना कोणी सांभाळलं?"

मी तिला काहूराचं सांगितलं आणि मग अक्कांचं.

संध्याकाळी तिने स्वतःच फोन लावला आणि माझ्या हातात दिला. अक्का आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागलं. आधी जखमेची चौकशी झाली, मग पणतीची. मग मी म्हटलं, "अक्का, पंचाहत्तर साली तुम्ही माझ्या मुलाला पाजलंत. मी कधी बोलले नाही."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मला वाटलं ऐकू आलं नसेल.

मग म्हणाल्या, "अगं, तो ओढायचा फार. दोघांना पुरायचं नाही. आमच्या बेबीला मी गाईच्या दुधावर ठेवलं तेव्हा, रात्रभर रडायची. तू दवाखान्यात पडलेली, तुला कुठे सांगायचं होतं हे?"