‘ड’ तुकडी
१. मराठी शाळांत एका इयत्तेच्या वर्गांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात. पूर्वी अनेक शाळा वार्षिक परीक्षेच्या गुणांवरून मुले या तुकड्यांत वाटत. शिष्यवृत्ती परीक्षेला (तेव्हा ती चौथी व सातवीत होई) बसवायची मुले ‘अ’मध्ये जात, आणि अनुभवी शिक्षकही बहुधा तिकडेच. ज्यांना चांगल्या शिकवण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्या वाट्याला ते सर्वांत कमी येई. मूळ मजकुरात लेखकाने ‘ड’ तुकडीचा उल्लेख ओझरता केला असला, तरी कमी गुणांमुळे तिथे टाकलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलावर ‘ढ’ असा शिक्का मारणे हा अन्यायच होता. फिनलंडने शाळांमधील गणित व परकीय भाषांचे असे क्षमतेनुसार गट १९८५ मध्ये बंद केले. — संपा.