सी प्रोग्रॅम तुमची आज्ञा कशी वाचतो? आणि '--हेल्प'चा मजकूर येतो कुठून?

२५ जानेवारी २०२२ रोजी क्वालिस या सायबर सुरक्षा कंपनीने लिनक्समधली एक गंभीर त्रुटी जाहीर केली. संगणकावर साधं खातं असलेला कोणीही या त्रुटीच्या मदतीने थेट 'रूट' होऊ शकत होता, म्हणजे त्या संगणकाचे सगळे अधिकार त्याच्या हातात जात होते. उबंटू, डेबियन, फेडोरा, सेंटओएस या सगळ्यांमध्ये ती सापडली. विशेष म्हणजे ती १२ वर्षांहून जास्त काळ तिथेच होती.

ही चूक होती सी भाषेतल्या एका प्रोग्रॅमच्या आज्ञा वाचण्याच्या कोडमध्ये. हे कोड नवीन प्रोग्रॅमर सहसा घाईघाईत उरकतात. पण ते नेमकं काय करतं आणि इतकं महत्त्वाचं का असतं?

कमांड लाइन ऑप्शन म्हणजे काय?

मोबाइल ॲपमध्ये बटण दाबलं की काम होतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत बटणं नसतात, काय हवंय ते लिहून सांगावं लागतं. उदाहरणार्थ, 'हेड' हा प्रोग्रॅम फाइलच्या सुरुवातीच्या ओळी दाखवतो. काहीच सांगितलं नाही तर तो १० ओळी दाखवतो. पाचच हव्या असतील तर असं लिहायचं:

हेड -एन ५ यादी

(इथे आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात ऑप्शन इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करावे लागतात.)

यात '-एन' हा ऑप्शन आहे, '५' ही त्या ऑप्शनला दिलेली किंमत आणि 'यादी' हे फाइलचं नाव. हीच गोष्ट '--लाइन्स=५' असं लिहूनही सांगता येते. एक डॅश असला की छोटा ऑप्शन, दोन डॅश असले की लांब नावाचा.

सी प्रोग्रॅमला यातलं काय मिळतं?

सी प्रोग्रॅम 'मेन' या फंक्शनपासून सुरू होतो. त्याला दोन गोष्टी मिळतात. पहिली 'आर्ग-सी', म्हणजे शब्द किती आहेत तो आकडा. दुसरी 'आर्ग-व्ही', म्हणजे त्या शब्दांची यादी. वरच्या उदाहरणात आकडा ४ असेल, कारण प्रोग्रॅमचं स्वतःचं नावही मोजलं जातं. यादीत शून्याव्या जागी 'हेड', पहिल्या जागी '-एन', दुसऱ्या जागी '५' आणि तिसऱ्या जागी 'यादी'. यादी कुठे संपली हे कळावं म्हणून शेवटी 'नल' ही खूण असते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. प्रोग्रॅमला मिळालेला '५' हा आकडा नसतो, ते नुसतं अक्षर असतं. त्याचा आकडा करण्यासाठी अनेक जण 'ए-टू-आय' हे फंक्शन वापरतात. पण कोणी '५' ऐवजी 'पाच' लिहिलं तर ते गुपचूप ० परत देतं, चूक झाल्याचं सांगत नाही. 'एसटीआर-टू-एल' हे फंक्शन आकडा कोणत्या अक्षरापर्यंत वाचता आला तेही सांगतं. त्यामुळे चूक पकडता येते.

गेटऑप्ट कशासाठी आलं?

प्रत्येकाने आपल्या मनाने ऑप्शन वाचायचं ठरवलं तर प्रत्येक प्रोग्रॅमचा नियम वेगळा होणार. यावर युनिक्समध्ये 'गेटऑप्ट' नावाचं फंक्शन तयार झालं. १९८५ साली डॅलसमधल्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टीने त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. पुढे ते पॉसिक्स या मानकात आलं.

त्याची पद्धत सोपी आहे. प्रोग्रॅमर त्याला चालणाऱ्या अक्षरांची एक छोटी यादी देतो. ज्या अक्षराला किंमत लागते त्याच्यापुढे कोलन टाकतो. 'एन' नंतर कोलन असेल तर '-एन' पाठोपाठ काहीतरी आलंच पाहिजे. मग गेटऑप्टला पुन्हा पुन्हा विचारायचं. ते दर वेळी एक ऑप्शन काढून देतं, अनोळखी अक्षर दिसलं तर प्रश्नचिन्ह देतं आणि ऑप्शन संपले की उणे १ देतं.

याचे आणखीही फायदे आहेत. '-एल -ए' असं वेगवेगळं न लिहिता '-एलए' असं एकत्र लिहिता येतं. नुसते दोन डॅश लिहिले तर 'ऑप्शन इथे संपले' असा अर्थ होतो. फाइलचं नावच डॅशने सुरू होत असेल तर हा नियम कामी येतो. कोणी '-आर' नावाची फाइल बनवली असेल तर ती पुसताना 'आरएम' प्रोग्रॅम तिला ऑप्शन समजेल. 'आरएम -- -आर' लिहिलं की ते फाइलचं नाव आहे हे त्याला कळतं.

लांब नावांचे ऑप्शन जीएनयू प्रकल्पाच्या 'गेटऑप्ट-लाँग' या फंक्शनने वाचता येतात. गेटऑप्ट हे सी भाषेच्या मूळ मानकाचा भाग नाही. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत ते मिळत नाही, तिथे वेगळी सोय करावी लागते.

चांगला हेल्प मेसेज कसा असतो?

पहिल्या ओळीत आज्ञा लिहायची रीत असते. चौकोनी कंसात असेल ते ऐच्छिक, तीन टिंबं असतील तर ते एकापेक्षा जास्त वेळा देता येतं. त्याखाली प्रत्येक ऑप्शन आणि त्याचा एका ओळीत अर्थ.

हा मजकूर कुठे छापायचा, यालाही नियम आहे. प्रोग्रॅमला बाहेर बोलायला दोन वाटा असतात, एक नेहमीच्या उत्तराची आणि दुसरी चुकांची. जीएनयूच्या नियमानुसार '--हेल्प' मागितलं तर मजकूर नेहमीच्या वाटेने द्यायचा आणि 'काम यशस्वी' म्हणून ० कोडने बाहेर पडायचं. कारण वापरणाऱ्याने मदत मागितली आणि ती मिळाली. मग तो त्या मजकुरात हवा तो शब्द 'ग्रेप'ने शोधूही शकतो.

ऑप्शनच चुकीचा असेल तर मात्र संदेश चुकांच्या वाटेने जायला हवा आणि बाहेर पडताना ० सोडून दुसरा कोड द्यायला हवा. एखादी स्क्रिप्ट रात्री आपोआप चालत असेल तर काम बिघडलं हे तिला याच कोडवरून कळतं. अशा वेळी ४० ओळींची मदत तोंडावर फेकण्यापेक्षा काय चुकलं ते एका ओळीत सांगावं आणि '--हेल्प' पाहा असं सुचवावं.

हेल्प आणि कोड यांची फारकत कशी होते?

गेटऑप्ट ऑप्शन वाचतं, पण हेल्पचा मजकूर लिहीत नाही. तो प्रोग्रॅमरला वेगळा लिहावा लागतो. सहा महिन्यांनी नवा ऑप्शन येतो, कोडमध्ये भर पडते आणि हेल्पमध्ये टाकायचं राहून जातं. मग हेल्प एक सांगतं आणि प्रोग्रॅम दुसरंच करतो.

यावर उपाय म्हणजे दोन्हींसाठी एकच तक्ता ठेवणं. जीएनयूच्या सी लायब्ररीतलं 'आर्ग-पी' असंच काम करतं. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत ऑप्शनचं लांब नाव, छोटं अक्षर, लागणारी किंमत आणि वर्णन लिहायचं. ऑप्शन वाचताना हाच तक्ता वापरला जातो आणि '--हेल्प'चा मजकूरही त्यातूनच आपोआप तयार होतो.

हेल्प मराठीत द्यायचं असेल तर आणखी एक अडचण येते. 'प्रिंट-एफ' फंक्शन रकान्याची रुंदी बाइटमध्ये मोजतं. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना-मात्रेचाही त्यात वेगळा हिशेब. त्यामुळे इंग्रजीत सरळ दिसणारे रकाने मराठीत वाकडेतिकडे होतात.

मग २०२२ मध्ये काय चुकलं होतं?

त्या प्रोग्रॅमचं नाव होतं 'पीके-एक्झेक'. तो रूटच्या अधिकाराने चालायचा. त्याचे ऑप्शन वाचायला हाताने लिहिलेली लूप होती. शून्याव्या जागी प्रोग्रॅमचं नाव असणारच, असं धरून ती १ पासून मोजणी सुरू करायची.

पण लिनक्समध्ये प्रोग्रॅमला एकही शब्द न देता, अगदी नावही न देता सुरू करता येत होतं. तेव्हा आर्ग-सी असायचा ०. लूप एकदाही फिरायची नाही, पण मोजणीचा आकडा १ वरच राहायचा. पुढचं कोड पहिल्या जागेवरचा शब्द वाचायला जायचं, तेव्हा यादी आधीच संपलेली असायची. मेमरीत त्या जागी 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल', म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग्ज असतात. पीके-एक्झेक तीच वाचायचा आणि नंतर त्याच जागी लिहायचा. त्यातून हल्लेखोराला एक धोकादायक सेटिंग आत सरकवता यायचं आणि रूटचे अधिकार मिळायचे.

पीके-एक्झेक दुरुस्त झाला. लिनक्स कर्नलच्या ५.१८ आवृत्तीत यादी रिकामी असेल तर निदान एक रिकामा शब्द देण्याची सोयही झाली.

गेटऑप्ट वापरलं म्हणजे हा धोका आपोआप टळतो, असंही नाही. ऑप्शन संपल्यावर उरलेले शब्द प्रोग्रॅमरलाच वाचायचे असतात. म्हणून यादीतल्या कोणत्याही जागेला हात लावण्याआधी ती जागा खरंच आहे का, हे आर्ग-सीशी ताडून पाहायचं. पीके-एक्झेकमध्ये ही एक तपासणी राहून गेली होती.