राबाची आच आणि भाताचा करपा

उन्हाळ्याच्या तोंडावर शहापूर-मुरबाडच्या डोंगरउतारांवर ऐनाची झाडं बोडकी दिसू लागतात. त्यांचा कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडून वाळवायचा, दाढीच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वरून माती भुरभुरवायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. मग आग धावत सुटत नाही, धुमसत राहते आणि जमीन नीट भाजते. हाच राब. पाऊस पडला की या राखेत भाताचं बी, रोप हाताला आलं की आवणी, म्हणजे लावणी.

इंग्रजांच्या वनखात्याला राबात जंगलाची नासाडी दिसली. झाडतोडीवरच्या निर्बंधांविरुद्ध ठाणे-कुलाब्यातून तक्रारींचा एवढा गदारोळ उठला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राब म्हणजे अडाणीपणा, असं म्हणणं कचेरीत बसून सोपं होतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या हॅरॉल्ड मान यांनी मात्र जोशी आणि कानिटकर यांच्यासह या पद्धतीचा रीतसर अभ्यास केला आणि १९१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फायदा राखेचा की आचेचा, हा त्यातला कळीचा प्रश्न.

आचेने तणाचं बी जळतं, वरच्या थरातल्या बुरशा आणि किडी मरतात. शेतकऱ्याला हे रोपाच्या तजेल्यावरून कळत होतं.

पण राब भाजल्याने रोगाची एकच वाट बंद होते. भाताच्या करपा रोगाची बुरशी बियाण्यात, पेंढ्यात, बांधावरच्या गवतात टिकते आणि तिचे बीजाणू वाऱ्यावर उडत येतात. ढगाळ हवा, रात्रीचं दव आणि वर युरियाचा जादा हात पडला की पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके उमटतात.

कडा करपा वेगळा, तो जिवाणूंमुळे होतो. भारतात त्याच्या पहिल्या नोंदी १९५० च्या दशकात शेजारच्याच कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या. पुढे तायचुंग नेटिव्ह-१, आयआर-८ अशी बुटकी, खताला हपापलेली वाणं आली आणि देशभर हा रोग बळावला. जिवाणू पानाच्या जखमेतून शिरतो आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरणाऱ्या पाण्याबरोबर पसरतो. आवणीच्या वेळी उंच रोपांचे शेंडे खुडायची सवय त्याच्या पथ्यावरच पडते.

म्हणून हल्ली शिफारस अशी: शेंडे खुडू नयेत, रोगट खाचराचं पाणी खालच्या शेतात सोडू नये, नत्र हप्त्याहप्त्याने द्यावं. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावं, वर तरंगणारं पोचट बी काढून टाकावं. तळाचं बी दोनतीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावं, मगच त्याला बुरशीनाशक चोळावं.