अजिंठ्याची रेषा: कॅनव्हासपासून फाइलपर्यंत

अजिंठ्याच्या भिंतींवर रंगाच्या आधी रेषा आली आणि रंगानंतर पुन्हा रेषाच आली. कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरूने केलेले रेखाटन, मग रंग, आणि शेवटी गडद रंगाची घट्ट बाह्यरेषा असा तिथल्या कामाचा क्रम होता. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची भुवई एका दमात ओढलेली दिसते, ती या शेवटच्या हातामुळे. रंग उडाला, गिलावा निघाला, तरी जिथे ही रेषा शाबूत आहे तिथे आकृती ओळखू येते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या चित्रांच्या नकला करून ठेवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतही रंगापेक्षा रेषाच जास्त टिकली.

1819 मध्ये मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ या लेण्यांपर्यंत पोहोचला आणि दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून गेला. चित्रे जपायची गरज मात्र स्थापत्य-अभ्यासक जेम्स फर्ग्युसनने मांडली. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे 1843 मध्ये वाचलेल्या निबंधात चित्रांची पडझड सांगून त्याने नकला करून घेण्याचा आग्रह धरला. ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये हे काम मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलकडे सोपवले. गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला आणि वर्षानुवर्षे तैलरंगात मोठमोठे कॅनव्हास रंगवत राहिला. पारो आणि गिल यांची प्रेमकथा मराठी वाचकाला ठाऊक असते. त्या कॅनव्हासांचे पुढे काय झाले हे त्या मानाने कमी जणांना ठाऊक असते.

कॅनव्हास लंडनला गेले आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली. प्रदर्शनात नसलेले चार-पाच कॅनव्हास तेवढे वाचले, बाकीच्यांची राख झाली. मात्र त्याआधीच, 1856 मध्ये, मिसेस स्पीअर यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकात गिलच्या काही चित्रांवरून केलेली छोटी लाकडी ठशांची रेखाचित्रे छापली गेली होती. रंग नाही, आकार तळहाताएवढा, पण प्रती अनेक ठिकाणी पोहोचलेल्या. जळालेल्या त्या कॅनव्हासांवर काय होते, याचा अंदाज पुढच्या अभ्यासकांना या किरकोळ वाटणाऱ्या ठशांवरून बांधता आला. ठसेकाराला आपण एवढे मोठे काम करतो आहोत याची कल्पनाही नसणार.

आगीनंतर नव्याने नकला करून घ्याव्यात यासाठी सरकारकडे पाठपुरावा झाला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन 1872 च्या सुमारास अजिंठ्यात उतरले आणि अधूनमधून 1885 पर्यंत काम चालू राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार या कामात होते. हे कॅनव्हासही लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेले आणि 1885 च्या आगीत त्यांतले बरेच जळाले. एकदा पोळल्यावरही एकुलत्या एक प्रती पुन्हा एकाच छपराखाली ठेवल्या गेल्या, याला दुर्दैव म्हणणे सौम्य ठरेल. ही व्यवस्थेची चूक होती. सुदैवाने ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांतले पुस्तक 1896-97 मध्ये निघाले आणि निदान छापील चित्रे तरी उरली. भिंतींचेही यात नुकसान झाले. नकलेसाठी चित्र उठून दिसावे म्हणून त्यावर व्हार्निश फिरवले जाई, ते पिवळे पडून काळवंडले.

लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी 1909 ते 1911 या काळातल्या हिवाळ्यांत वेगळी वाट धरली. आधी भिंतीवरून बाह्यरेषा ट्रेस करायची आणि मग त्या रेषेत रंग भरायचा. त्यांच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा हे तरुण होते; हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले होते. ट्रेस करणाऱ्याला दर वितीला एकच प्रश्न पडे: ही चित्रकाराची रेषा की गिलाव्याची भेग? त्याचे उत्तर हाताला नव्हे, डोळ्याला द्यावे लागे. हे काम 1915 मध्ये पुस्तकरूपाने निघाले. पाठोपाठ जपानी चित्रकार अराई काम्पो यांनीही नकला केल्या. त्या टोकियोत 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. शहरे दोनच, पण आगी मात्र तीन झाल्या. अजिंठा ज्यांच्या राज्यात होते त्या हैदराबादच्या निजाम सरकारने पुढे छायाचित्रांचा रस्ता धरला. गुलाम याजदानी यांचे ‘अजंठा’चे चार भाग 1930 ते 1955 या काळात प्रसिद्ध झाले.

संगणकावर चित्र जतन करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांचे नाते छायाचित्र घेणे आणि रेषा ट्रेस करणे या जुन्या दोन रीतींशी जुळते. छायाचित्राच्या फाइलमध्ये ठिपक्यांची जाळी असते. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहिलेला असतो. व्हेक्टर फाइलमध्ये ठिपके नसतात, रेषा कशी काढायची त्याची कृती असते: वक्राची दोन टोके आणि तो कोणत्या बाजूला किती झुकवायचा हे सांगणारे दोन बिंदू. हे गणित 1960 च्या सुमारास फ्रान्समधल्या मोटार कारखान्यांत, रेनॉच्या पिएर बेझिए आणि सिट्रोएनच्या पॉल द कास्तलजो यांच्या कामातून आले. अडोबी इलस्ट्रेटर 1987 मध्ये आले आणि कोरल ड्रॉ 1989 मध्ये. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाच्या पाट्या करणाऱ्या मराठी छपाईवाल्यांच्या हाती पुढे कोरलच रुळले.

छत्रपती संभाजीनगरात अजिंठ्याची कमळे, हंस आणि वेलबुट्ट्या शालीवर, पैठणीच्या पदरावर, हॉटेलच्या बोधचिन्हावर सर्रास दिसतात. असा नमुना संगणकात घेताना छायाचित्र देऊन आपोआप ट्रेस करण्याची सोय वापरली, तर प्रोग्रॅम निघालेल्या गिलाव्याच्या प्रत्येक कपच्यालाही आकार समजतो. एका पाकळीचे शेकडो नोड, म्हणजे वक्रांची टोके, होतात, फाइल जड होते आणि रेषा थरथरते. तीच पाकळी पेन टूलने हाताने काढली तर चार-पाच नोडांत बसते आणि शालीच्या बुट्टीपासून भिंतीएवढ्या फलकापर्यंत कितीही ताणली तरी फाटत नाही. भेग कोणती आणि रेषा कोणती, हा हेरिंगहॅम यांच्या चमूपुढचा प्रश्न आजही माणसानेच सोडवायचा असतो. विणकामासाठी मात्र ही रेषा पुन्हा धाग्यांच्या चौकटींत उतरवावी लागते. तिथे तिरपी रेषा पायऱ्यापायऱ्यांची होते. म्हणून मूळ रेषाचित्र आणि विणकामाचा आलेख अशा दोन्ही फाइली ठेवणे शहाणपणाचे.

राहिला प्रश्न फाइल कोणत्या रूपात ठेवायची याचा. कोरल ड्रॉची ‘सीडीआर’ फाइल नव्या आवृत्तीत केली तर जुन्या आवृत्तीत उघडत नाही. त्यामुळे छपाईच्या दुकानात ‘खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या’ हे वाक्य कायम ऐकू येते. समोरच्या यंत्रावर फॉन्ट नसला की देवनागरीचे तीन तेरा वाजतात, म्हणून ‘कर्व्ह करून द्या’ हे दुसरे. कर्व्ह केल्यावर अक्षरांच्या नुसत्या आकृत्या उरतात आणि मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही, तेव्हा आधीची प्रत वेगळ्या नावाने राखावी लागते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2001 मध्ये मान्य केलेले एसव्हीजी हे रूप यांपेक्षा खुले आहे. ती साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल असते, तिचे नियम जाहीर आहेत आणि ती कोणत्या एका कंपनीच्या प्रोग्रॅमवर अवलंबून नाही. 2003 मध्ये आलेले मोफत इंकस्केप हेच रूप मूळ म्हणून वापरते. अजिंठ्याचा नमुना काढणाऱ्याने कामाची फाइल, एसव्हीजी प्रत आणि एक कागदावरची छापील प्रत अशा तिन्ही ठेवाव्यात, त्यांवर लेण्याचा क्रमांक आणि चित्राची जागा लिहावी, आणि तिन्ही एकाच कपाटात ठेवू नयेत.