असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स (एडीआर) : निवडणूक-सुधारणांसाठी काम करणारी भारतातील बिनसरकारी, पक्षनिरपेक्ष संस्था. स्थापना १९९९. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील (आयआयएम) काही प्राध्यापकांनी ती काढली. त्रिलोचन शास्त्री आणि जगदीप छोकर ही त्यांतली ठळक नावे. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे कुलगुरू झालेले अर्थतज्ज्ञ अजित रानडे हेही संस्थापकांपैकी एक. संस्थेचे मुख्यालय दिल्लीत आहे. ‘नॅशनल इलेक्शन वॉच’ या नावाने देशभरच्या स्वयंसेवी संस्थांचे जाळे तिच्याबरोबर काम करते. मोर्चे, धरणे किंवा उमेदवार उभे करणे हा तिचा मार्ग कधीच नव्हता. कागद मागायचा, मिळाला नाही तर न्यायालयात जायचे आणि मिळाला की त्यातले आकडे लोकांसमोर ठेवायचे, एवढीच तिची रीत. सत्तेवर कोणताही पक्ष असला तरी या रीतीचा त्याला त्रास झाला.

पहिली याचिका डिसेंबर १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. विधी आयोगाने त्याच वर्षी आपल्या १७० व्या अहवालात निवडणूक कायद्यात बदल सुचवले होते. ते अमलात आणावेत, उमेदवारांवरील गुन्हे मतदाराला कळावेत, ही मागणी होती. २ नोव्हेंबर २००० रोजी उच्च न्यायालयाने ती मान्य केली. केंद्र सरकार अपिलात गेले, काँग्रेसही त्या अपिलात सामील झाली. म्हणजे सत्ताधारी आणि मुख्य विरोधक एकाच बाजूला उभे राहिले. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : उमेदवार कोण आहे हे जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, म्हणून गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांची माहिती निवडणूक आयोगाने उमेदवारांकडून घ्यावी. २८ जूनला आयोगाने तसा आदेश काढला.

यानंतर जे घडले ते भारतीय संसदीय राजकारणातल्या एकजुटीचे दुर्मीळ उदाहरण आहे. जुलैमध्ये सर्वपक्षीय बैठकीत या आदेशाला विरोध ठरला आणि सरकारने वटहुकूम तयार केला. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तो खुलाशासाठी परत पाठवला. मंत्रिमंडळाने तो जसाच्या तसा पुन्हा पाठवल्यावर २४ ऑगस्ट २००२ रोजी त्यांना सही करावी लागली. पुढे त्याचाच कायदा झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे आली. ३३-अ मध्ये गुन्ह्यांची माहिती मोजक्या मर्यादेत ठेवली होती. ३३-ब तर सरळ सांगत होते की, कोणत्याही न्यायालयाचा निकाल काहीही असो, कायद्यात लिहिले आहे त्याहून जास्त माहिती देणे उमेदवारावर बंधनकारक नाही. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) आणि इतरांच्या याचिकांवर १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३३-ब रद्द केले. आज उमेदवारी अर्जासोबत ‘नमुना २६’ मध्ये जोडावे लागणारे प्रतिज्ञापत्र इथून आले.

प्रतिज्ञापत्र मिळाले, पण ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर फलकावर लटकून उपयोग नव्हता. २००२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीपासून संस्थेने प्रती गोळा करून, आकडे भरून, पक्षवार तक्ते काढायला सुरुवात केली. ‘मायनेता’ हे तिचे संकेतस्थळ त्यातून उभे राहिले. निवडणुकीच्या हंगामात वर्तमानपत्रांत येणाऱ्या ‘इतके कोट्यधीश, इतक्यांवर गुन्हे’ या बातम्यांचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. प्रतिज्ञापत्राचे नियम पुढे इतरांच्या याचिकांनीही कडक झाले : २०१३ पासून रकाने कोरे सोडता येत नाहीत, २०१८ पासून स्वतःच्या व कुटुंबाच्या उत्पन्नाचा स्रोतही लिहावा लागतो. कलंकित उमेदवार का दिला याची कारणे पक्षांनी जाहीर करावीत, हा आदेश फेब्रुवारी २०२० चा. तो बिहारच्या निवडणुकीत पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ पक्षांना दंड केला. त्यांत राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला प्रत्येकी ५ लाख रुपये भरावे लागले. प्रतिज्ञापत्रात खोटी किंवा अपुरी माहिती दिल्यास शिक्षा मात्र फार तर सहा महिने कैद, दंड किंवा दोन्ही. देवेंद्र फडणवीस यांनी २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रकरणे दाखवली नाहीत, हा नागपूरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले.

एवढ्या माहितीने मतदार बदलला का? संस्थेचेच आकडे याचे उत्तर देतात. गुन्हे दाखल असल्याचे जाहीर करणारे खासदार २००९ मध्ये १६२ होते, २०१४ मध्ये १८५, २०१९ मध्ये २३३ आणि २०२४ मध्ये २५१, म्हणजे लोकसभेचे ४६ टक्के. उमेदवार पाहताना जात, गट, पैसा आणि ‘काम करून देणारा माणूस’ ही मोजमापे प्रतिज्ञापत्राच्या आधी येतात, हे गावपातळीवर राजकारण पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. या आकड्यांवर एक रास्त आक्षेपही आहे. दाखल गुन्हा म्हणजे शाबीत गुन्हा नव्हे, आणि रास्ता रोकोत अडकलेला कार्यकर्ता व खुनाचा आरोपी एका बेरजेत येतात. संस्था ‘गंभीर गुन्हे’ वेगळे दाखवते, पण बातमीच्या मथळ्यात मोठा आकडाच जातो.

संस्थेचा सर्वांत मोठा विजय पैशाच्या प्रश्नावर, पक्षांना देणगी देण्यासाठीच्या निवडणूक रोख्यांविरुद्ध झाला. त्याआधी २८ मार्च २०१४ रोजी तिच्याच याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने, भाजप आणि काँग्रेस या दोघांनी वेदांत समूहातील कंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय योगदान कायदा मोडला, असा निष्कर्ष काढला होता. संसदेने २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून ‘परकीय’ची व्याख्याच पूर्वलक्षी प्रभावाने बदलली. निवडणूक रोखेही असेच २०१७ च्या वित्त विधेयकातून, धन विधेयक म्हणून आले. रिझर्व्ह बँक आणि निवडणूक आयोग या दोघांनीही तेव्हा लेखी हरकत घेतली होती. हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेत घ्यायचे, पंधरा दिवसांत पक्षाने ते वटवायचे, देणाऱ्याचे नाव मतदाराला कळायचे नाही. शिवाय कंपन्यांवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही उठवलेली. एडीआर, कॉमन कॉज, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष यांच्या याचिका सुमारे सहा वर्षे रेंगाळल्या आणि तेवढ्यात सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच जणांच्या घटनापीठाने योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली; अमरावतीचे न्या. भूषण गवई त्या पीठात होते. स्टेट बँकेने तपशील द्यायला ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. एडीआरने अवमान याचिका टाकली, मुदत नाकारली गेली आणि मार्चमध्येच कोणी किती रोखे घेतले व कोणी वटवले हे देशाने वाचले. पैसे मात्र पक्षांकडेच राहिले.

मतदानाच्या प्रक्रियेवरील याचिकांत यश इतके सरळ नाही. मतदानयंत्राला जोडलेल्या व्हीव्हीपॅटमधील सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली गेली, आणि न्या. दीपांकर दत्त यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात संस्थेच्या हेतूंविषयीच शंका व्यक्त केली. पंचवीस वर्षे न्यायालयात उभ्या असलेल्या संस्थेला बसलेला हा सर्वांत कडू फटका म्हणायला हवा. तरी त्याच निकालाने पराभूत उमेदवाराला मतदानयंत्रांतील चिप तपासून घेण्याची सोय मिळाली. बिहारमधील मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाविरुद्ध २०२५ मध्ये एडीआर पुन्हा न्यायालयात गेली. प्रारूप यादीतून गळलेली सुमारे ६५ लाख नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असा अंतरिम आदेश १४ ऑगस्टला झाला. रेल्वेतील अभियंता, मग प्राध्यापक आणि शेवटी वकिलीची पदवी घेतलेले छोकर पुढच्याच महिन्यात वारले.

एक दप्तर संस्थेला अजून उघडता आलेले नाही. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष हे माहिती अधिकार कायद्याखालील सार्वजनिक प्राधिकरणे असल्याचा निर्णय दिला. ज्या अर्जांवर हा निर्णय झाला त्यांतला एक एडीआरचा होता. सहाही पक्षांनी त्याचे पालन केले नाही. २०१५ मध्ये संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी यांपैकी एकाही पक्षाने जन माहिती अधिकारी नेमलेला नाही.